गिझरचं कव्हर काढलं

ग्वाल्हेरची थंडी हाडं गोठवते, म्हणून लष्कर भागातल्या आमच्या घरी आत्याने गिझरला जाड प्लॅस्टिकचं कव्हर शिवून घातलं होतं. मेन स्विच बंद करून काढलं, तर आत थेंबच थेंब, वायरच्या टोकाला हिरवट गंज आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड चिकटपट्टीखाली! दाब वाढला की पाणी तिथूनच बाहेर पडतं. ते कायम मोकळं हवं. इलेक्ट्रिशियनकडून टर्मिनल बदलून घेतलं. टाकीभोवती पफचा, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचा, थर आतून असतोच, म्हणून फोम फक्त गरम पाण्याच्या पाइपला गुंडाळला. गॅस गिझर तर मुळीच झाकू नये: हवा अडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वासही नसतो.

आत्या म्हणते, "कव्हर टाकू नकोस हं, कुलरला होईल." कुलरला खुशाल होऊ दे.