जुन्या जँगो साइटला एपीआय जोडताना

जँगो या पायथन फ्रेमवर्कवर चालू असलेल्या साइटला मोबाइल अ‍ॅपसाठी एपीआय (अ‍ॅपने साइटशी बोलायची वाट) हवं असेल, तर जुन्याच व्ह्यूमध्ये, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, ‘पान हवं की जेसन (अ‍ॅपला वाचता येणारा डेटा)’ असा इफ घुसवू नका. चार दिवस चालतं, मग गुंता होतो. ऑर्डर नोंदवणं, सूट मोजणं हे काम साध्या फंक्शनमध्ये काढा. पानाचा व्ह्यू आणि एपीआयचा व्ह्यू दोघंही तेच बोलावतील. एपीआयच्या यूआरएलमध्ये आवृत्तीचा आकडा पहिल्या दिवसापासून ठेवा.

खरी मेख लॉगिनमध्ये आहे. जँगोचा ‘लॉगिन रिक्वायर्ड’ डेकोरेटर (व्ह्यूवर लावायचा पहारा) लॉगिन नसलेल्याला ३०२, म्हणजे ‘दुसरीकडे जा’ हा स्टेटस कोड, देऊन लॉगिनच्या पानावर धाडतो. ब्राउझरला ते ठीक. अ‍ॅपमधली एचटीटीपी लायब्ररी मात्र बहुधा मुकाट्याने त्या पानावर जाते, तिला २०० (‘सगळं ठीक’) मिळतो आणि हाती येतं एचटीएमएल. मग अ‍ॅपवाला ‘जेसन पार्स होत नाही’ म्हणून ओरडतो, आणि तुमच्या एरर लॉगमध्ये तर काहीच नसतं! एपीआयच्या वाटेवर सरळ ४०१ (‘ओळख पटलेली नाही’) द्या, सोबत छोटंसं जेसन. ओळख पटली पण परवानगी नाही, तिथे ४०३.

सीएसआरएफ तपासणीतून (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने रिक्वेस्ट घुसवू नये म्हणून असलेल्या) सूट द्यायची ती फक्त हेडरमधल्या टोकनवर चालणाऱ्या एपीआयला. एपीआय सेशन कुकीवर (लॉगिननंतर ब्राउझरमध्ये राहणाऱ्या खुणेवर) चालत असेल तर तपासणी राहू द्या, कितीही कटकट वाटली तरी.

टेस्टमध्ये लॉगिनशिवायची रिक्वेस्ट आधी लिहा: स्टेटस ४०१ आहे का आणि कंटेंट टाइप जेसनचाच आहे का, दोन्ही तपासा.