एका उंबराकडून परिस्थितिकी कशी शिकावी

सजीवांची एकमेकांशी आणि भोवतालच्या माती, पाणी, हवा, उन्हाशी असलेली नाती अभ्यासणारं शास्त्र म्हणजे परिस्थितिकी. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये त्याला नाव दिलं. व्याख्या पाठ करून ते हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा ओढ्याकाठचा, विहिरीजवळचा किंवा दत्ताच्या देवळापाशी असलेला एक उंबर निवडा आणि वर्षभर त्याच्याकडे जात राहा.

आधी फक्त झाड बघा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. तारीख, पानगळ, पालवी, खोडावरचे फळांचे घोस, त्यांतली कच्ची किती आणि पिकलेली किती, एवढं वहीत लिहा. पाऊस आणि ऊनही नोंदवा. एकाच प्रजातीचा भोवतालाशी असलेला संबंध असा तपासणाऱ्या शाखेला स्वपरिस्थितिकी म्हणतात.

मग एक फळ उघडा. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. नुकतं रंग धरू लागलेलं फळ सकाळी तोडून पांढऱ्या कागदावर अलगद फोडा. बारीक कीटक बाहेर पडतील. ‘किडकं आहे’ म्हणून टाकून देऊ नका. उंबराची फुलं फळाच्या आत असतात आणि त्यांचं परागण फक्त हे कीटक करतात. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेने आत शिरते, सोबत आणलेले पराग फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे असतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाला बाहेर जायची वाट पोखरतात आणि बहुतेक तिथेच संपतात. पराग घेतलेल्या माद्या त्या वाटेने उडतात. त्यांचं आयुष्य एक-दोन दिवसांचं, तेवढ्यात योग्य अवस्थेतलं फळ सापडायला हवं. झाडाचं बी कीटकावाचून धरत नाही आणि कीटकाची पिढी झाडावाचून वाढत नाही. याला परस्परोपकारी सहजीवन म्हणतात.

भिंग असेल तर फळाच्या बाहेरच्या बाजूलाही बघा. लांब नळीने बाहेरूनच आत अंडी घालणारे दुसरे कीटक दिसतील. ते परागण करत नाहीत, आतल्या सोयीचा फायदा मात्र घेतात. फळांवर फिरणाऱ्या मुंग्या बाहेर पडणाऱ्या माद्यांना पकडतात. सहजीवन, परजीविता आणि शिकार, तिन्ही नाती सुपारीएवढ्या फळावर भेटतात.

फळं पिकली की तासभर लांब बसा. तांबट, हरियाल, कोकीळ, बुलबुल, मैना येतील. रात्री वटवाघळं. कोण वरच्या फांदीवर खातं, कोण खाली पडलेलं उचलतं, कोण कोणाला हुसकावतं, ते लिहा. प्रत्येकाची खाण्याची जागा, वेळ आणि रीत मिळून त्याचं समुदायातलं स्थान ठरतं. इतर झाडांवर फळं नसतानाही उंबरवर्गातल्या झाडांवर अनेकदा ती मिळतात, म्हणून अभ्यासक त्यांना कळीच्या प्रजाती, म्हणजे ज्यांच्यावर इतर अनेक जीव टिकून असतात अशा प्रजाती मानतात. ही संकल्पना अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये मांडली, तीही समुद्रकाठच्या तारामाशांच्या अभ्यासातून.

आता ओढ्याने चालत जा आणि उंबर मोजा. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपने घ्या, रोपंही मोजा. नुसती म्हातारी झाडंच सापडली, तर ही संख्या टिकणारी नाही. रोपं शेळ्यांनी खाल्ली की काठ खरवडला, तेही बघा. हे काम प्रजातीसमूहाच्या परिस्थितिकीत येतं.

पाचोळ्याचा प्रयोग नक्की करा. उंबराची वाळलेली पानं सारख्या वजनाने दोन पिशव्यांत भरा: एक कांद्याच्या जाळीची, दुसरी मच्छरदाणीच्या कापडाची. दोन्ही झाडाखाली मातीत पुरा आणि दर महिन्याला वाळवून वजन करा. मोठ्या छिद्रांतून गांडुळं आणि वाणी किडे आत जातात, बारीक छिद्रांतून बुरशी, जीवाणू आणि फार तर अगदी बारीक जीव. दोन्ही वजनांत पडलेला फरक म्हणजे मोठ्या विघटकांचं काम. पानांतली पोषकद्रव्यं मातीत परत येतात आणि मुळांना मिळतात, ऊर्जा मात्र परत येत नाही. एका पोषण पातळीवरून पुढच्या पातळीवर, म्हणजे झाडाकडून ते खाणाऱ्याकडे आणि त्याच्याकडून त्याला खाणाऱ्याकडे, तिचा ढोबळमानाने दहावा हिस्साच पोहोचतो. हा झाला परिसंस्थेचा अभ्यास. ‘परिसंस्था’, म्हणजे सजीव आणि त्यांचा निर्जीव भोवताल मिळून झालेली व्यवस्था, ही कल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली.

शेवटी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि सापडलेले सगळे उंबर त्यावर टाका. एका झाडाची फळं साधारण एकाच सुमारास तयार होतात, त्यामुळे उडालेल्या मादीला बहुधा दुसरं झाड गाठावं लागतं. मधला रस्ता, वस्ती, काँक्रीटने बांधलेला ओढा आखून झाडांमधली अंतरं लिहा. हा भूदृश्याच्या परिस्थितिकीचा भाग. जिथे अंतर फार वाढलंय आणि काठ अजून मातीचा आहे, ती जागा ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड ऑफिसला नकाशासकट दाखवा आणि पावसाच्या तोंडावर तिथे उंबराचं रोप लावून कुंपण घालायची परवानगी मागा.