पिल्लाचं पहिलं वर्ष: खर्चाच्या या चुका टाळा

आमची कैरी एप्रिलमध्ये घरी आली तेव्हा आठ आठवड्यांची होती. जात लॅब्रॅडॉर, मुक्काम पुण्यातला टू बीएचके. नवऱ्याने लगेच एक्सेल उघडून हिशेब मांडला: महिन्याला ४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४८,०००. वर्ष संपलं तेव्हा आकडा ८५,०००वर पोचला होता, आणि त्यात तिची स्वतःची किंमत नाही. गंमत अशी, की एरवीचे बहुतेक महिने चार-साडेपाच हजारांतच निघाले. घोळ घातला तो तीन महिन्यांनी: एप्रिल (११,३००), ऑगस्ट (१२,६००) आणि जानेवारी (१५,५००).

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: वर्षाच्या खर्चाला बारानं भागणं

पिल्लाचा खर्च दुधाच्या बिलासारखा दरमहा सारखा येत नाही. तो पिल्लाच्या वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे येतो. म्हणून एक्सेल बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. पिल्लाची जन्मतारीख धरून त्यावर लिहा: लसी कधी, पावसाळ्यात गोचिडांचं औषध कधी, गणपतीला गावी जाताना ते राहणार कुठे, नसबंदी कधी. मग कुठल्या महिन्यात खिसा जड लागणार ते आधीच दिसतं. हे आम्हाला सप्टेंबरात सुचलं.

लसी अर्धवट सोडणं

दोन लसी झाल्या, पिल्लू उड्या मारतंय, आता तिसरी कशाला? हा विचार फार महागात पडतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तीच लसीच्या आड येते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जातात, आणि सोळा आठवडे झाल्यावरचा शेवटचा डोस सर्वांत महत्त्वाचा असतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्याला.

लस चुकवून पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला तर अनेक दिवस सलाइन, दवाखान्याच्या खेपा आणि एवढं करूनही पिल्लू वाचेल याची खात्री नाही. शिवाय हा विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतो. सोसायटीच्या बागेत बाकीचे कुत्रे खेळतात म्हणून आपलं अर्ध्या लसींचं पिल्लू तिथे सोडू नका.

पैसे वाचवायचेच असतील तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना शोधा. ६ जुलैला, जागतिक प्राणिजन्य रोग दिनाला, बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस मोफत देतात. मुंबईकरांना परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल सांगायला नकोच.

'दीड महिन्याचं आहे, स्वस्तात देतो'

घेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाच्या किंमतीत वाचलेले पैसे डॉक्टरकडे जातात. आणि दत्तक घेतलेलं गावठी पिल्लू फुकट येतं हे खरं, पण लसी, जंत, नसबंदी त्यालाही तेवढंच लागतं.

हौसेची खरेदी

एप्रिलच्या ११,३०० मधले निम्मे आमच्या हौसेचे. मखमली गादी (जूनमध्ये दात पडू लागले तेव्हा तिचा कापूस दिवाणखानाभर), तीन पट्टे (दोन महिन्यांत सगळे आखूड), पिल्लाला बसवून न्यायची चाकांची बॅग. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला चाकांची बॅग! जुनी गोधडी, स्टीलची दोन भांडी आणि बकल सरकवता येणारा एक पट्टा पुरतो. दात येतानाचं चघळायचं खेळणं मात्र चांगलं घ्या. भाड्याच्या घरात दाराची चौकट कुरतडली गेली तर डिपॉझिटमधून कापलं जाणारं त्याहून जास्त असतं.

खाण्यात दोन गोष्टी. पिशवीवरच्या तक्त्यात पिल्लाचं आजचं वजन धरलंय की मोठेपणीचं, हे आधी वाचा. आम्ही उलटं वाचलं आणि महिनाभर जास्त घातलं. दुसरं, पूर्ण आहाराचं पपी फूड चालू असताना दुकानदार गळ्यात मारतो ते कॅल्शियमचं सिरप नको. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांना जादा कॅल्शियम उलट बाधतं. घरचं अन्न देणार असाल तर नुसता चिकन-भात पुरत नाही. त्यात पुरेसं कॅल्शियम नसतं, तेव्हा डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या.

गोचिडांची औषधं घाऊक घेणं

सवलत होती म्हणून मे महिन्यात सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या. पण या गोळ्या वजनाच्या गटानुसार येतात, आणि जुलैत कैरीने तो गट ओलांडला. नवी घ्यायची की जुनीच चालवायची, या चर्चेत तीन आठवडे गेले. ऑगस्टमध्ये ताप, खाणं बंद. गोचीडताप. रक्ताच्या तपासण्या, सलाइन, चार आठवडे गोळ्या. वाढत्या पिल्लासाठी एका वेळी एकच गोळी घ्या, वजन करून. आणि ताप दिसला म्हणून घरातली माणसांची तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका. ती कुत्र्यांना विषारी ठरू शकते.

सुट्टीचा आणि ऑपरेशनचा विसर

गणपती, दिवाळी, मे महिन्यात बोर्डिंगवाल्यांकडे जागा नसते. लसींचं कार्ड पूर्ण नसेल तर चांगली जागा आत घेतही नाही. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीची अख्खी केबिन किंवा कूपे (दोन बर्थचा छोटा कप्पा) आपल्या नावावर लागतो. कोकणात चाकरमानी परततात त्या आठवड्यात तो मिळवून दाखवा.

नसबंदी मादीची नरापेक्षा महाग, कारण पोट उघडावं लागतं, आणि भुलीचं औषध वजनावर असल्याने मोठ्या कुत्रीला खर्च अधिक. मोठ्या जातींत डॉक्टर थोडं थांबायला सांगू शकतात. त्यांनाच विचारून महिना ठरवा. आम्ही मात्र विचारलंच नव्हतं. ऑक्टोबरात कैरी पहिल्यांदा माजावर आली, मग तीन महिने थांबावं लागलं, आणि ऑपरेशन नेमकं जानेवारीत, गाडीच्या विम्याच्या महिन्यात येऊन बसलं.

महापालिकेचा परवानाही काढायचा असतो. त्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पुन्हा ते कार्ड. आमचं आता फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे. एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा आहेत.