बुटका अँटेना बनवताय? या चुका टाळा

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली घरात कळावं म्हणून लोरा मॉड्यूल (थोड्या विजेवर लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) बसवलं. त्याचा उभा अँटेना कावळ्यांनी आठवड्याभरात वाकवला. मग पत्र्याच्या डब्याच्या झाकणालगत बसेल असा बुटका अँटेना करायला घेतला आणि जवळपास सगळ्या चुका करून झाल्या.

लोरासाठी आपण 865 ते 867 मेगाहर्ट्झ वापरतो. 866 ला पाव तरंगलांबी 86.5 मिलिमीटर भरते. तेवढी तार मोठ्या पत्र्यावर उभी केली तर फीडला, म्हणजे केबल जोडतो त्या जागी, सुमारे 36 ओहम दिसतात. 50 ओहमच्या केबलला एवढं खपतं. तीच तार 12 मिलिमीटरवर काटकोनात वाकवली की रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती जागा) साधारण तिथेच राहतो, पण रेडिएशन रेझिस्टन्स (ओहमचा जो भाग लहरी बाहेर फेकतो तो) 2 ओहमच्या आसपास येतो. काम करतो तो उभा तुकडा. आडव्या तारेचा परिणाम पत्र्यातला उलटा प्रवाह बराचसा खोडून काढतो. उंची निम्मी केली तर ओहम चौपटीने घटतात. मी मात्र एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचा आकडा; 1 म्हणजे उत्तम) 25 बघून तार छाटत बसलो. छाटल्याने फ्रिक्वेन्सी सरकते, ओहम वाढत नाहीत.

यावरचा उपाय जुना आहे: उलटा एफ, म्हणजे आडव्या पडलेल्या एफ अक्षरासारखा अँटेना. 1960 च्या सुमाराला क्षेपणास्त्रांसाठी अशा चपट्या अँटेनांचा अभ्यास झाला होता. वाकवलेल्या तारेचा पाय थेट पत्र्याला जोडायचा आणि फीड त्याच्या शेजारी, आडव्या तारेवर काही मिलिमीटर पुढे द्यायचा. फीड पायापासून लांब नेला की ओहम चढतात, तेही झपाट्याने. म्हणून सुरुवातीला फीड पक्का करू नका, नुसता टेकवून बघा. तार 5 मिलिमीटर जास्त ठेवा. 1 मिलिमीटर छाटला की डिप (आलेखातला खड्डा, जिथे अँटेना जुळतो) साधारण 10 मेगाहर्ट्झ वर जातो. आधी डिप जागेवर आणा, मग फीड सरकवा, मग पुन्हा थोडी छाटणी. हे दोन-तीनदा करावंच लागतं.

सगळ्यात महागात पडला तो रंग. जमिनीचा, म्हणजे पत्र्याला जोडलेला पाय मी रंगवलेल्या झाकणावर स्क्रूने आवळला होता. प्रवाह सगळ्यात जास्त तिथेच असतो. 2 ओहमच्या अँटेनात जोडणीचा 1 ओहम आला तर एक तृतीयांश पॉवर उष्णतेत जाते, आणि वर मीटर खूशच दिसतो, कारण अशा तोट्याने मॅच बिघडायच्या ऐवजी सुधारूही शकतो. बुटक्या अँटेनाची बँडविड्थ (तो जुळून चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) अरुंदच असते. ती अचानक ऐसपैस दिसली तर पेढे वाटू नका, आधी रंग खरवडा आणि नीट सोल्डरचा डाग द्या.

मोजताना नॅनोव्हीएनएचं (अँटेना मोजायच्या छोट्या मीटरचं) कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करा. ते न करता लांब, बारीक केबलमधून मोजलं तर आकडा फसवा येतो: 3 डीबी तोट्याच्या, म्हणजे निम्मी पॉवर खाणाऱ्या केबलचं टोक मोकळं सोडलं तरी मीटर एसडब्ल्यूआर 3 दाखवतो! दुसरी खूण हाताने कळते. केबल मुठीत धरा. आलेख हलला तर केबलच अँटेना झाली आहे. छोट्या झाकणावर हे हटकून होतं. अँटेनाजवळ केबलवर फेराइटची कडी (केबलवरचा नको असलेला प्रवाह रोखणारी) चढवा, शक्य असेल तर पत्रा मोठा घ्या.

वरून प्लास्टिकचं आवरण घालणार असाल तर शेवटची छाटणी ते घालून, बॅटरी आत ठेवूनच करा. प्लास्टिक जवळ आलं की डिप खाली उतरतो, आणि आपला पट्टा जेमतेम 2 मेगाहर्ट्झचा.

सगळं जमलं की त्याच झाकणावर 86 मिलिमीटरची साधी उभी तार लावून आरएसएसआय (पलीकडे पोचलेल्या सिग्नलची ताकद) ताडून बघा. दोन-तीन डीबी कमी आले तर कावळ्यांपुढे ते परवडतं. दहा गेले, तर एसडब्ल्यूआर 1.1 असला तरी पुन्हा जमिनीच्या पायापासून तपासायला घ्या.