ऑनलाइन वर्कआउट प्रोग्राम घेताय? आधी स्वतःचा आठवडा बघा

ऑनलाइन प्रोग्राम शोधायला बसलं की आधी डोळ्यात भरतात ते बिफोर-आफ्टरचे फोटो, आणि बरेच जण त्यावरूनच ठरवून मोकळे होतात. फोटो राहू द्या बाजूला. तुम्हाला आठवड्यात खरंच किती दिवस, किती मिनिटं मिळतात ते आधी मोजा, आणि तेही निवांत आठवड्यात नाही, धावपळीच्या आठवड्यात. तीन दिवस अर्धा-अर्धा तास मिळत असेल तर तीन दिवसांचाच प्रोग्राम घ्या, कारण सहा दिवसांचा घेऊन तीन दिवस बुडवले की पंधरा दिवसांत अ‍ॅप उघडायचीच इच्छा मरते. डब्ल्यूएचओने २०२० मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय खरा, पण काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं हेही तिथेच म्हटलंय, त्यामुळे कमीपासून सुरू करायला लाजू नका.

आता प्रोग्राम कसा ओळखायचा, तर फ्री ट्रायलमध्ये पहिला आठवडा आणि चौथा आठवडा शेजारी-शेजारी उघडून बघा. तेच व्यायाम हळूहळू वाढत असतील, म्हणजे रेप्स (एक व्यायाम सलग किती वेळा करायचा) वाढतायत किंवा उचलायचं वजन वाढतंय किंवा अवघड प्रकार येतोय, तर तो प्रोग्राम. रोज नवा घाम काढणारा व्हिडिओ आणि कशाचा कशाशी संबंध नाही, तर तो नुसता व्हिडिओंचा ढीग. प्रत्येक व्यायामाला सोपा पर्याय दाखवलाय का आणि सुरुवातीला तब्येतीबद्दल, जुन्या दुखापतींबद्दल विचारतात का हेही बघा. ट्रेनरकडे एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए अशा ट्रेनर्सना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट असेल तर चांगलंच. आणि हो, ट्रायल संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावा, नुसतं अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेकॉर्डेड व्हिडिओ तुम्हाला बघत नाही, तुमचं चुकतंय हे सांगायला तिथे कोणी नसतं. मी महिनाभर स्क्वॉट्स करत होते, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं, शेवटी पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून बाजूने शूट केलं तेव्हा दिसलं की खाली जाताना टाचा उचलल्या जातायत आणि सगळा भार चवड्यांवर येतोय. मग मागे खुर्ची ठेवली, टेकल्यासारखं करून उठायचं, टाचा जमिनीला चिकटलेल्या, आणि दोन-तीन आठवड्यांत दुखणं कमी झालं. तेव्हापासून नवीन व्यायाम आला की पहिला आणि शेवटचा सेट (सलग केलेल्या रेप्सची एक फेरी) शूट करतेच, एकदा बाजूने आणि एकदा समोरून, कारण गुडघे आत वळतायत का ते समोरूनच कळतं. शेवटचा सेट यासाठी की दमल्यावरच फॉर्म, म्हणजे व्यायाम करायची पद्धत, बिघडतो.

पुशअप जमत नसेल तर भिंतीला करा, मग टेबलाला, मग खाली बेंचला, मग जमिनीवर, आणि १२-१२ रेप्सचे तीन सेट नीट निघाले की मगच एक पायरी खाली उतरा. व्हिडिओतली ट्रेनर किती भरभर करतेय त्याकडे लक्ष देऊ नका, पॉज दाबायला काय जातंय. प्रोग्राममध्ये आरपीई ७ (आरपीई म्हणजे किती जोर लागला याचा दहापैकी आकडा) असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ थांबलात तेव्हा अजून तीनेक रेप्स निघाल्या असत्या एवढा जोर लावायचा. कार्डिओमध्ये त्याहून सोपं, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे मध्यम.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात ते नॉर्मल आहे. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम सोडा, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. हार्टचा, बीपीचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन वर्कआउट एकत्र करू नका, सरळ पुढचा करा. अख्खा आठवडा गेला असेल तर आधीचा आठवडा परत करा, आणि आजारपणात दोन-तीन आठवडे गेले असतील तर उचलायचं वजन निम्म्यावर आणून पुन्हा सुरू करा.