जुनं लष्करी सामान परदेशी पाठवायचंय? आधी त्याचं वय काढा

कोल्हापूरच्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून लष्करी वस्तू अजून निघतात. पहिल्या महायुद्धातली पदकं, कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्स पलटणीचे बिल्ले, संगिनी, तलवारी. मग परदेशातला एखादा संग्राहक किंवा लंडनला स्थायिक झालेला पुतण्या विचारतो, "काका, पाठवता का?" आणि पेठेतला कुणीतरी जाणकार सांगतो, "डेकोरेटिव्ह आयटम लिहून टाका, कोण बघतंय?" बघतात. एक्स-रेमध्ये तलवार ही तलवारच दिसते. शिवाय खोट्या कागदपत्रांसाठी कस्टम्स कायद्याच्या कलम ११४ एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

पहिली पायरी: वय

बाकी सगळं सोपं आहे. घोळ होतो तो इथे.

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू. ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला आणि सरकारने नेमलेल्या संस्थेलाच. तुम्हाआम्हाला फी भरून, ओळख लावून मिळेल असा परवानाच नाही. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं तुरुंगवास, वर दंड. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक दस्तऐवजांना तर मर्यादा ७५ वर्षांचीच. म्हणजे १९४५ चं पदक या कायद्यातून सुटतं, पण त्यासोबतचं १९४३ चं सेवापुस्तक अडकू शकतं. पदक आणि कागद एका पाकिटात घालून मोकळं होणाऱ्यांना हे कुणीच सांगत नाही.

आणि ही शंभरी दरवर्षी पुढे सरकते. चुलतभावानं दहा वर्षांपूर्वी पाठवलं होतं, हा दाखला म्हणूनच बिनकामाचा.

वय काढताना पदकावरच्या राजाच्या चेहऱ्यावर जाऊ नका. पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ गादीवर होता, त्यातून काय कळणार? रिबिनीवर बसवलेली धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, वाचा. इंडिया जनरल सर्व्हिस पदकावर 'वझिरिस्तान १९१९-२१' असेल तर शंभरी उलटली, पाठवायचा विषय संपला. 'वझिरिस्तान १९२१-२४' असेल तर वस्तू शंभरीच्या उंबऱ्यावर आहे, मी असल्या पदकाला हात लावत नाही. 'नॉर्थ वेस्ट फ्रंटिअर १९३०-३१' ला अजून अवकाश आहे. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून बघून तेही उतरवून घ्या.

संगिनीत याहून मोठी गफलत होते. पात्याच्या मुळाशी मुकुट, त्याखाली जी. आर. आणि १९०७ असं दिसलं की लोक म्हणतात, १९०७ सालची. ते घडणीचं साल नव्हे, नमुन्याचं आहे. घडणीचा महिना आणि साल त्याच्या खाली लहान आकड्यांत असतं, उदाहरणार्थ १० १६, म्हणजे ऑक्टोबर १९१६. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेल्या संगिनी चाळीसच्या दशकातल्याही सापडतात. त्यामुळे गंज खरवडू नका, तेलाचं बोट फिरवा आणि तिरप्या उजेडात फोटो काढा.

वय शंभरच्या आत आहे असं तुम्ही म्हणून भागत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्यायचं. वस्तू पुरावस्तू आहे की नाही, यावर त्यांचा निर्णय अंतिम असतो. आपल्याकडून अर्ज मुंबई मंडळाकडे, सायनच्या किल्ल्यावर. मलाही सुरुवातीला इथे चांगलंच घुटमळावं लागलं, कारण अर्जात 'आजोबांची आठवण' लिहून कुणी वय ठरवत नाही. आता मी प्रत्येक वस्तूला वेगळा कागद लावतो: कोणतं चिन्ह, कुठे कोरलंय, त्यावरून कोणतं साल निघतं, सोबत जवळून काढलेला फोटो. चार पदकांचा संच असेल तर चार कागद. एक पदक पहिल्या महायुद्धातलं निघालं तर ते बाजूला ठेवायचं, संच फुटतोय म्हणून हळहळत बसायचं नाही.

यातच परदेशी गिऱ्हाईक उलटं सांगतो: "शंभर वर्षांहून जुनं असं लिहून द्या." त्याचंही खरं आहे. ब्रिटनमध्ये शंभरी ओलांडलेल्या वस्तूला आयात शुल्क नाही, व्हॅटही पाच टक्केच. शिवाय ५० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारीवर तिथे २००८ पासून बंदी आहे, त्यातून शंभर वर्षांपूर्वीच्या तलवारी सुटतात. म्हणजे जे वय त्याला तारतं, तेच तुम्हाला इथे बुडवतं. एकाच वस्तूचं इथे एक आणि तिथे दुसरं वय लिहायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणा.

दुसरी पायरी: पातं आणि नळी

पुरातत्त्वचा कागद मिळाला म्हणजे तलवार सुटली असं नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार शस्त्र नियमांत येतं. तलवार, भाला, संगीन सगळं त्यात आलं. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १० प्रमाणे शस्त्र देशाबाहेर न्यायला आणि देशात आणायलाही परवाना लागतो. कलम ४५ मधली जुनाट शस्त्रांची सूट लोक तोंडपाठ म्हणतात, पण पुढचा भाग गिळतात: बंदूक दुरुस्त करूनही चालण्यासारखी नसावी. आपल्याकडची ठासणीची बंदूक बहुधा चालते. जुना तोफगोळा किंवा काडतूस तर मुळीच हाताळू नका, पोलिसांना कळवा.

तिसरी पायरी: मूठ आणि ढाल

मुठीला किंवा ढालीला हस्तिदंत, गेंड्याचं कातडं, सांबरशिंग असेल तर पाठवू नका. मूठ हाडाची की हस्तिदंताची, हे असं ओळखा: हाडात काळे बारीक ठिपके दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या रेघा. मूठ काढून पातं तेवढं पाठवा, हा सल्ला तर वस्तूची माती करणारा आहे, आणि पात्याचा शस्त्र कायदा आहे तिथेच राहतो.

चौथी पायरी: मुक्कामाचा देश

तिथले नियम गिऱ्हाइकाकडून लेखी मागवा. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवरून कुणी स्वस्तिकाचं जर्मन बक्कल आणलं असेल, तर जर्मनीत असली चिन्हं पसरवणं गुन्हा आहे.

पाचवी पायरी: रवानगी

बिल्ले, बटणं, पट्टे, पदकं, सगळं शंभरीच्या आतलं असेल तर पोस्टानं जातं. कस्टम्स फॉर्मवर वस्तूचं खरं नाव, साल आणि किंमत लिहा, प्रमाणपत्राची प्रत आत आणि बाहेर दोन्हीकडे लावा, मूळ प्रत घरी. परवाना काढून तलवार पाठवणार असाल तर कुरिअरवाल्याला आधीच विचारा, बहुतेक जण हत्यार घेतच नाहीत. आणि ती तिकडून नाकारली गेली तर काय, हेही आधी ठरवा: परत येताना ती आयात ठरते आणि कलम १० पुन्हा लागतं.