जगबुडीची तयारी करताय? या चुका टाळा

दर काही वर्षांनी जग बुडण्याची तारीख जाहीर होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत आले, त्या अष्टग्रहीच्या धसक्याने देशभर होमहवनं झाली. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून लोक आभाळाकडे बघत बसले, आणि ती पडली हिंदी महासागरात अन् ऑस्ट्रेलियात. २१ डिसेंबर २०१२ चा प्रलय तर टीव्हीवाल्यांनीच साजरा केला. नाशिकमध्ये मात्र १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरी घरादुकानांत शिरली, कोणत्याही भविष्याची वाट न बघता.

म्हणून तयारी करणाऱ्याला वेड्यात काढणारे मला पटत नाहीत. पण बंकर, चाकू आणि गॅस मास्कच्या गप्पा मारणारेही पटत नाहीत. दोघांच्याही डोक्यात सिनेमातलं संकट असतं. आपल्याकडचं संकट ओळखीचं आहे: चार दिवस वीज नाही, नळाला गढूळ पाणी, रस्ता बंद, औषधाचं दुकान बंद. त्याची तयारी करताना लोक नेमके कुठे चुकतात ते बघू.

पिंप भरून ठेवलं आणि घरात डेंग्यू आला

लॉकडाऊननंतर बऱ्याच गच्च्यांवर दोनशे लिटरचे निळे ड्रम आले. वर कसंबसं झाकण, आणि "असू द्या, वेळेला उपयोगी पडेल". डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

पाणी नुसतं ओतून दिलं की भागलं, हीदेखील चूकच. अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. तेव्हा आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं, आतून काथ्याने खसखसून घासायचं आणि उन्हात उपडं घालायचं. हा कुटाणा होणार नसेल तर पिंप ठेवूच नका.

मुळात एवढं पाणी लागतं कशाला? प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरले, तर चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर होतात. घट्ट बुचाचे २० लिटरचे तीन जार आलटूनपालटून वापरात ठेवले की काम झालं. पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, फडक्याने गाळा, मग उकळा. गढूळ पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकून फारसं साधत नाही.

धान्याची कोठी भरलेली, पण खायला काही नाही

वर्षाचे गहू भरणं ही आपली जुनी बेगमी. ऊन दाखवून, एरंडेल चोळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या गव्हाला कोणी नावं ठेवणार नाही. पण गिरणी विजेवर चालते, हे कोणी लक्षात घेत नाही. बरं, आधीच दळून ठेवावं तर बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं.

चूल न पेटवता खाता येईल असं काय आहे, ते आधी मोजा. पोहे, मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, सातूचं पीठ. १९७२ च्या दुष्काळात मजुरांना आणि पोरांना सुकडी मिळायची, तीही याच जातीची. आणि घरात जे एरवी खाल्लं जात नाही, ते संकटातही खाल्लं जात नाही. डबाबंद राजमा तुम्हाला आजही नको वाटतो ना, मग सोडा.

क्युसेकचा आकडा वाचून निर्धास्त राहणं

"गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले" असा मेसेज फिरतो, आणि आकडा मागच्या वेळेपेक्षा कमी दिसला की लोक गाडी नदीकाठच्या पार्किंगमध्येच ठेवून झोपतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर. शिवाय हा आकडा फक्त धरणाच्या दाराचा. धरणाच्या खाली शहरापर्यंत पडणारा पाऊस आणि नाल्यांचं पाणी त्यात नसतं. शहरातल्या होळकर पुलाखालून किती पाणी जातंय तो आकडा बघा.

जुन्या नाशिककरांचं माप याहून सोपं: गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी. सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार त्या मूर्तीकडे बघूनच माल वर चढवतात. बाकीचं गाव मात्र मोबाइल घेऊन पूर बघायला पुलावर जमतं. वाहतं पाणी दीड-दोन फुटांवर गेलं की चारचाकीलाही उचलतं. त्यामुळे "एवढ्याशा पाण्यातून जाईल की" हा हट्ट नकोच.

पूर ओसरला, मोटर चालू केली

सोसायट्यांमध्ये हमखास होणारी चूक. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलेलं असतं, कोणीतरी घाईने मोटर लावतं, आणि ड्रेनेज मिसळलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून सगळ्यांच्या स्वयंपाकघरात पोचतं. आधी टाकीचं झाकण उघडून बघा. पाणी गढूळ असेल किंवा वास येत असेल तर टाकी उपसा, गाळ काढा, भिंती घासा, ब्लीचिंग पावडरने धुऊन घ्या, मग भरा. मीटरबॉक्स भिजला असेल तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात नको. जनरेटर असेल तर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब. बंद पार्किंगमध्ये लावलात तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासही न येता माणूस मारतो.

वाड्याचं दार अडकलं म्हणून सुतार बोलावला

जुन्या नाशकातल्या मातीविटांच्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात. नीट लागणारं दार एकाएकी अडकायला लागलं, गिलावा फुगला, वरून माती झरू लागली, तर भिंत खचतेय असं समजा. सामान राहू द्या, माणसं बाहेर काढा.

बॅगेत चाकू आहे, बीपीच्या गोळ्या नाहीत

आणीबाणीची बॅग बहुधा घरातला तरुण मुलगा भरतो, आणि ती ट्रेकची बॅग होते. आजींच्या आठवड्याच्या गोळ्या, चष्म्याची जुनी जोडी, बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड, आधार कार्डाची झेरॉक्स आणि शंभराच्या नोटा आधी जाऊ द्यात. टॉवर बंद पडला की यूपीआयही बंद. इन्शुलिन थर्मासमध्ये नेताना बर्फाला चिकटू देऊ नका. एकदा गोठलं की ते निकामी होतं, वितळल्यावरही टोचायचं नाही.

तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंना वर कोण नेणार, हे जूनच्या मीटिंगमध्येच नावानिशी ठरवा आणि त्यांच्या दाराची दुसरी चावी वरच्या मजल्यावर ठेवा. कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे नंबर कागदावर लिहून दारामागे लावा, मोबाइलची बॅटरी संपली तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतील.